गंजाचे तांदूळ

मी एक जुना गंज आहे, आणि माझ्यावर खटला चालला होता.

हसू नका, मित्रांनो. खरंच सांगतो. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात नंबर लिहिलेला आहे. तो राखेनं निघत नाही, वाळूनं निघत नाही, चिंचेनंही निघत नाही. बाकी भांड्यांवर देणाऱ्याचं नाव असतं, लग्नाची तारीख असते. माझ्यावर गुन्ह्याचा नंबर आहे. गंज म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच असेल. तुमच्या घरी दूध तापवतात ना, तसलंच भांडं. फक्त मी फार मोठा. माझ्यात एका वेळी साठ माणसांचा भात शिजतो. एखादं लहान मूल आत बसवलं तर फक्त त्याची शेंडी दिसेल.

मी जर्मनचा आहे. म्हणजे तुमच्या पुस्तकात ज्याला ॲल्युमिनियम म्हणतात, त्याचा. कुठल्या कारखान्यात मला ठोकून गोल केलं, ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती मुकुटबनच्या बाजारातल्या पुंडलिकरावांच्या दुकानापासून. तिथं मी दोन वर्षं छताला टांगलेला होतो. गिऱ्हाईक वर बघायचं, हसायचं आणि चार कपांचा सेट घेऊन निघून जायचं.

मग एका बाजाराच्या दिवशी नऊवारीचा काष्टा घातलेली, कपाळावर गोंदण असलेली एक म्हातारी आली आणि सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. तिचं नाव मानीबाई टेकाम. झरी जामणी तालुक्याच्या अगदी टोकाला, पैनगंगेच्या काठावर, उंबरपोड नावाची कोलाम लोकांची वस्ती आहे. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. घरं सत्तावीस. नदी ओलांडली की तेलंगणा. त्या उंबरपोडातल्या प्रत्येक घरानं तेंदूपत्त्याच्या हंगामात एक दिवस माझ्यासाठी पानं तोडली होती. म्हणजे मी कोणा एकाचा नव्हतो, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

"आजी, एवढ्या मोठ्या गंजात काय शिजवता? हत्ती?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"हत्ती नाई भेटला तं तुमालेच टाकू," मानीबाई म्हणाली. "पण शिजाले लाकडं लय लागतीन."

पुंडलिकराव इतके हसले, इतके हसले की झाकण त्यांनी फुकट दिलं.

मानीबाईचा मुलगा लेतू यानं मला डोक्यावर घेतलं. पावसाळ्यात ज्या रस्त्यानं बस येत नाही आणि उन्हाळ्यात ज्या रस्त्यानं बस यायला विसरते, त्या रस्त्यानं अकरा किलोमीटर चालत मी घरी आलो. पोडाच्या मधोमध चावडी असते. तिथं ढोल टांगलेले असतात, पाहुणे बसतात, भांडणं मिटतात. चावडीच्या कोपऱ्यात माझी जागा झाली. माझी राखण मानीबाईकडे.

आता आमच्या पोडाचा एक नियम सांगतो. नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मला कोणीही मागून नेऊ शकत असे. लग्न असो, बारसं असो, मयताचं जेवण असो. नदीपलीकडच्या सोनगुड्याचे लोकसुद्धा मला नेत. ते आमचेच सोयरे. सरकारनं मधून राज्याची रेघ मारली म्हणून काय नातं तुटतं? फक्त परत आणताना मला रिकामं आणायचं नाही. तांदूळ टाका, तुरीची डाळ टाका, मोहफुलं टाका. काहीच नसेल तर एक वांगं टाका. पण टाका. मानीबाई म्हणायची, "रिकामं भांडं घरी आलं, का उपास संगं घेऊन येते."

आणि त्यातून जमलेले तांदूळ कोणा घराचे नसत. ते गंजाचे तांदूळ. चावडीत मातीच्या कणगीत ते राहत. जो उपाशी येईल त्याच्यासाठी. वाट चुकलेला गुराखी असो, मधमाश्यांची पोळी काढणारा असो, बकऱ्या घेऊन फिरणारा असो. तू कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे आधी विचारायचं नाही. आधी भात. नाव नंतर.

माझे ते दिवस फार सुंदर होते, मित्रांनो! मी किती लग्नं जेवू घातली, सांगू? दंडारीच्या नाचाच्या दिवसांत माझ्याखाली तीन-तीन दिवस चूल विझत नसे. एकदा नदी ओलांडताना लेतूच्या डोक्यावरून मी दगडावर आपटलो, तेव्हा मला अर्ध्या चंद्रासारखा पोचा आला. एक कडी तुटली, तर लेतूनं कुंपणाची तार पिळून नवी केली. लेतूची मुलगी सलोनी तेव्हा लहान होती. ती माझ्या पोच्याला कान लावून विचारायची, "दुखून राह्यलं का रे?" ढोल वाजला की मीही आतून घुमायचो. मला वाटायचं, माझ्याइतकं सुखी भांडं सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात नसेल.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. एकदा भर दुपारी जंगलातून पाच जण आले. खांद्याला बंदुका. "जेवण करा," म्हणाले. 'जेवण द्या' नाही, 'करा'. नाही म्हणायची छाती कोणाची? मानीबाईनं भात टाकला. ते जेवले, आम्ही तुमच्यासाठीच लढतो असं काहीतरी बोलले, मला घासून पालथं घातलं आणि गेले. ते पुन्हा कधी आले नाहीत. मानीबाईनं मला उचलून आत पाहिलं.

"एवढे तुमच्यासाठी म्हणून राह्यले," ती म्हणाली, "आन् रिकामा ठेवला."

त्यानंतर दोन वर्षांनी सरकार आलं.

सरकार म्हणजे काय ते आमच्या पोडाला तोपर्यंत नीटसं माहीत नव्हतं. आमच्याकडे पाण्याची टाकी होती, तिला नळ नव्हता. शाळेच्या दोन खोल्या होत्या, तिथं गुरुजी गुरुवारी यायचे. रेशनचं मशीन होतं, पण ज्यांनी जन्मभर पानं तोडली, शेण सारवलं, बांबू सोलले, त्यांच्या बोटांवर मशीनला रेषाच सापडत नसत. मानीबाई अंगठा लावायची, मशीन लाल व्हायचं. दुसरा लावायची, पुन्हा लाल. "मी मेली वाटते," असं म्हणून ती रिकामी पिशवी घेऊन परत यायची.

मग एका सकाळी तीन ट्रक आले. सीमेचा भाग, जंगल, पलीकडे दुसरं राज्य, म्हणून इथं पोलिसांचं ठाणं हवं असं कुठंतरी ठरलं होतं. त्यांनी शाळेच्या दोन्ही खोल्या घेतल्या. वाळूची पोती रचली, काटेरी तार ओढली. मुलं पाटी-दप्तर घेऊन चावडीत माझ्याशेजारी येऊन बसली. गुरुजी गुरुवारीच येत राहिले, त्यांना काही फरक पडला नाही.

खोटं कशाला बोलू, सगळे पोलीस वाईट नव्हते. अवधूत नावाचा एक शिपाई होता. आर्णीकडचा, कापसाच्या शेतातून उठून आलेला. घरच्या आठवणीनं त्याचा जीव कासावीस व्हायचा. आठ दिवसांतच तो चावडीत येऊन बसायला लागला.

"आजी, मेसचा भात म्हंजे निस्ता चुना," तो मानीबाईला म्हणायचा. "तुमच्या गंजात काय हाय आज?"

"तुह्याच नावाचा भात हाय. बस. आन् ते लोखंड बाजूले ठेव, लेकरं भेतात."

तो रायफल खांबाला टेकवून मांडी घालून जेवायचा. किती वेळा जेवला, ते मी सांगणार नाही. उपाशी माणसाचं जेवण मोजत नाहीत.

मग पोलिसांचा मेळावा झाला. मोठे साहेब येणार, दाखले वाटणार, छत्र्या वाटणार. तीनशे माणसांचा मसालेभात करायचा तर ठाण्याकडे एवढं भांडं कुठलं? अवधूत धावत आला. "आजी, गंज द्या ना. आपली इज्जत जाईन!" मानीबाईनं मला दिलं. दिवसभर मी पाच वेळा भरलो आणि पाच वेळा रिकामा झालो. मोठ्या साहेबांनी डाव हातात घेऊन माझ्यातून पहिलं ताट वाढलं. फोटोवाला ओरडला, "सर, इकडे!" साहेब म्हणाले, "हा गंज म्हणजे या भागातल्या शांततेचं प्रतीक आहे." टाळ्या पडल्या. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

टाळ्या थांबल्यावर मानीबाई उभी राहिली. "साहेब, मशीन माहा अंगठा घेत नाई. रेशनचं काई करता का?"

"नोंद घ्या," साहेब म्हणाले. कोणीतरी नोंद घेतली. मानीबाईला एक छत्री मिळाली.

चार दिवसांनी पेपरात फोटो आला. डाव धरलेले साहेब, माझी तारेची कडी धरलेला लेतू, आणि मागे तोंडात घास कोंबलेला अवधूत. मधोमध मी, पोचा समोर करून. सलोनी तेव्हा मुकुटबनकडच्या आश्रमशाळेत सातवीत होती. तिनं तो फोटो कापून आपल्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून खळीनं चिकटवला. बाप पेपरात आला म्हणून पेटी उघडून सगळ्या वसतिगृहाला दाखवत फिरली.

मेळाव्यानंतर मी परत आलो. मानीबाईनं आत पाहिलं. रिकामा. तळाला करपलेला भात होता, तो मोजायचा असेल तर मोजा.

तिनं तो राखेनं खरवडून काढला.

पुढच्या उन्हाळ्यात सोनगुड्यात लग्न होतं. ते मला घेऊन गेले. लग्न जोरात झालं, सोयरे खूश झाले, आणि त्यांनी मला अर्ध्यापर्यंत तांदळानं भरलं. चांगले चौदा किलो. "यंदा तुमच्याकडे मशीन तांदूळ देत नाई म्हणे," नवरीचा बाप लेतूला म्हणाला. "घेऊन जा. म्हातारीले सांग, गंज भरून पाठवला."

लेतू मला डोक्यावर घेऊन निघाला. सकाळचे आठ वाजले असतील. नदीत गुडघाभर पाणी होतं. तो गुणगुणत होता, मी वरून त्याला ताल देत होतो. अलीकडच्या काठावर गस्तीची तुकडी उभी होती. मोठ्या साहेबांची बदली झाली होती. ठाण्यावरचेही बदलले होते; हे नवे साहेब, पंधरा दिवसांपूर्वी आलेले. त्यांना पोड माहीत नव्हतं, मी माहीत नव्हतो. तुकडीत अवधूत होता.

"थांब. काय आहे यात?" साहेबांनी विचारलं.

"तांदूळ हाय जी."

"भांडं कोणाचं?"

"पोडाचं."

"आणि तांदूळ? तुझे?"

"नाई जी. गंजाचे."

"गंजाचे म्हणजे?"

"गंजाचे म्हंजे गंजाचेच. माणसाचे नाई."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. पलीकडच्या राज्यातून, पायवाटेनं, एवढ्या मोठ्या भांड्यात तांदूळ. "कोणासाठी नेतोस हे?"

मित्रांनो, इथं लेतू खोटं बोलला असता तर वाचला असता. घरच्यासाठी, माझ्या पोरीसाठी, असं काहीही म्हणाला असता. पण आमच्यात गंजाच्या तांदळावर स्वतःचं नाव लावणं म्हणजे चोरी. ती शिकवण त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. तो सरळ म्हणाला,

"जो उपाशी येईन त्याच्यासाठी."

"जंगलातून आला तरी?"

"कुठूनबी येऊ द्या जी. आमी इचारत नाई."

साहेबांनी शिपायाला लिहायला सांगितलं. लेतूनं अवधूतकडे पाहिलं. त्याला वाटलं, तो बोलेल, हसून म्हणेल, सर, हा आपलाच लेतू. अवधूत नदीकडे बघत होता. नदीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

अशा रीतीनं लेतूला आणि मला एकाच दिवशी अटक झाली. त्याला यवतमाळच्या तुरुंगात नेलं, मला मुकुटबनच्या पोलीस स्टेशनच्या मुद्देमालाच्या खोलीत टाकलं. माझ्यावर नंबर रंगवला. आरोपपत्रात माझं नाव बदललं. तिथं मी गंज नव्हतो, 'मोठ्या जमावाचे जेवण शिजविण्याचे भांडे' होतो. आणि पुढं लिहिलं होतं, की असं भांडं या गरीब पोडात कोणाच्या मालकीचं असणं शक्य नाही, सबब ते जंगलातल्या बंदूकवाल्यांचंच आहे. शांततेचं प्रतीक अकरा महिन्यांत रसदीचं भांडं झालं! आपल्या देशात बढती इतक्या लवकर कोणाला मिळत नाही.

माझ्याशेजारी हातभट्टीचा एक ड्रम होता, तीन चोरीच्या मोटारसायकली होत्या. पोटातल्या तांदळाला आधी सोंडे लागले, मग उंदीर. पावसाळ्यात उरलेल्याला बुरशी आली. एक दिवस एका कारकुनानं नाकाला रुमाल लावून मला मागच्या उकिरड्यावर उपडं केलं आणि कागदावर लिहिलं, 'तांदूळ नष्ट.' ज्या गावात मशीन तांदूळ देत नव्हतं, त्या गावाचे चौदा किलो तांदूळ.

मानीबाई दर बाजाराला पोलीस स्टेशनला यायची. अकरा किलोमीटर. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू यायचा.

"माहा पोरगा नाई देत तं गंज तरी द्या."

"आजी, तो आता पुरावा हाय," ठाण्याच्या कामाला तिथं आलेला अवधूत सांगायचा.

"पुरावा म्हंजे काय असते?"

"सरकारचं भांडं."

"मंग शिजवा ना त्यात काई. निस्तं कायले ठेवलं?"

दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिचा आवाज यायचा बंद झाला. ती गेली, हे मला दोन शिपायांच्या बोलण्यातून कळलं. तिच्या मयताचं जेवण छोट्या छोट्या गंजांत करावं लागलं असेल. ते सगळ्यांना पुरलं की नाही, कोण जाणे.

लेतूला जामीन मिळाला नाही. असल्या कलमांत तो मिळत नाही, म्हणे. तीन वर्षं गेली. सलोनी आश्रमशाळेत दहावीत पोचली. तिथं एक मुलगी तिला मुद्दाम सगळ्यांसमोर विचारायची, "तुहा बाप नक्षली हाय ना वं?"

"हो," सलोनी म्हणायची, "आन् त्याचं हत्यार गंज हाय. एक दिवस जेवाले ये, दाखवतो तुले."

आता पोरगी अशी तिखट झाली होती की शाळेतल्या बाईसुद्धा तिला दबून असत. लेतूला सरकारनं दिलेल्या नव्या वकीलबाई, कुंदाताई, शाळेत येऊन तिला भेटल्या. आधीच्या वकिलानं पोडात कधी पाय ठेवला नव्हता. कुंदाताईंनी आरोपपत्र वाचून दाखवलं. 'असे भांडे या पोडात कोणाच्या मालकीचे असणे शक्य नाही,' इथवर आल्या आणि सलोनी ताडकन उठली. पळत गेली आणि आपली पेटी घेऊन आली.

फोटो निघेना. खळ पक्की बसली होती, सोलायला गेलं की कागद फाटायचा. "मग पेटीच घेऊन चला," कुंदाताई म्हणाल्या.

आणि मित्रांनो, तो दिवस मी जन्मात विसरणार नाही! कोर्टात मला टेबलावर ठेवलं होतं, गळ्यात सुतळीनं चिठ्ठी बांधून. समोर पिंजऱ्यात लेतू. मी त्याला आधी ओळखलंच नाही. मला डोक्यावर घेऊन नदी ओलांडणारा माणूस तो, आता त्याच्या खांद्यावर सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. साक्षीला अवधूत उभा होता.

"हे भांडं तुम्ही उंबरपोडात पूर्वी कधी पाहिलं होतं?" कुंदाताईंनी विचारलं.

अवधूतनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोच्याकडे, तारेच्या कडीकडे.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"त्यात शिजलेलं कधी खाल्लं होतं?"

"आठवत नाही."

मी लोखंडाचा नाही, जर्मनचा आहे. मला गंज चढत नाही असं म्हणतात. पण त्या क्षणी आतून काहीतरी खाल्लं गेलं.

मग सलोनीला बोलावलं. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, डोक्यावर पत्र्याची पेटी! शिपाई म्हणाला, "ए पोरी, सामान बाहेर ठेव." ती म्हणाली, "हे सामान नोय, पुरावा हाय." सगळं कोर्ट हसलं. ती हसली नाही. तिनं पेटी न्यायाधीशबाईंच्या समोर ठेवली, त्यातला टॉवेल, साबण आणि भूगोलाचं पुस्तक बाजूला केलं आणि झाकण उघडलं.

न्यायाधीशबाई चष्मा सरकवून बराच वेळ बघत राहिल्या. फोटोतला पोचा, माझा पोचा. फोटोतली तार, माझी तार. फोटोखालची तारीख अटकेच्या अकरा महिने आधीची. डाव धरलेले मोठे साहेब. कडी धरलेला लेतू. मग त्यांचं बोट मागच्या चेहऱ्यावर थांबलं, आणि त्यांनी मान वर करून अवधूतकडे पाहिलं.

"हे तोंडात घास असलेले कोण?" त्यांनी विचारलं.

अवधूतला यावेळीही आठवलं नाही.

महिन्याभरानं लेतू सुटला. निकालात 'निर्दोष' असं लिहिलं होतं. त्यानं कुंदाताईंना तीनदा विचारलं, "मंग आता मी घरी जाऊ?" तीनदा हो म्हटल्यावरच तो हलला.

तो सुटला, मी नाही. मला सोडायचा कागद वेगळा असतो. तो यायला आणखी सात महिने लागले. दरम्यान उंबरपोडाचं ठाणं उठलं. भागात शांतता झाली, असं जाहीर झालं. शाळेच्या खोल्या परत मिळाल्या, वाळूच्या पोत्यांसकट. टाकीला नळ अजून नव्हता. आणि अवधूतला काय झालं? त्याची बदली झाली. कुठं? मुद्देमालाच्या खोलीवर. आता आम्ही रोज समोरासमोर असायचो. तो माझ्याकडे पाठ करून डबा खायचा.

मला न्यायला सलोनीच आली. अवधूतनं मला कोपऱ्यातून ओढून काढलं, धूळ झटकली, वही पुढं केली.

"सही कर."

सलोनीनं माझ्यात वाकून पाहिलं.

"अवधूतदादा, यात चौदा किलो तांदूळ होते."

"नष्ट झाले. लिहेल हाय तसं."

"मले मालूम हाय. चौदा किलो नाई मांगत मी." तिचा आवाज एकदम तिच्या आजीसारखा झाला. "पण आमच्यात भांडं रिकामं देत नाई. तुमाले तं मालूम हाय. एक मूठ टाका. मूठभर काईबी टाका."

अवधूतचा डबा टेबलावर उघडाच होता. त्यात भात होता. मी पाहिला, सलोनीनं पाहिला, त्यानंही पाहिला. त्याचा हात उचललाही होता, खरंच सांगतो, उचलला होता. मग बाहेर कोणाचे तरी बूट वाजले आणि त्यानं डब्याचं झाकण लावलं.

"सही कर न् जाय," तो म्हणाला.

जंगलवाल्यांनी मला रिकामं ठेवलं होतं. सरकारनंही रिकामं दिलं. दोघंही सांगत होते की आम्ही तुमच्यासाठीच आलो.

पण सलोनी हट्टी! ती मला घेऊन सरळ बाजारात गेली. पुंडलिकराव आता म्हातारे झाले होते, त्यांनी मला ओळखलं. "अरे, हा तं माह्या हत्तीचा गंज!" सलोनीनं शेजारच्या दुकानातून बसच्या भाड्याच्या पैशांत तांदूळ घेतले, माझ्यात ओतले, मला डोक्यावर घेतलं आणि चालत निघाली. अकरा किलोमीटर ती माझ्याशी बोलत होती. "आज पाय, बाबा कसा खुश होते. म्हणन, गंज भरून आला."

लेतू चावडीच्या पायरीवर बसला होता. त्यानं मला पाहिलं, तो उठला, त्याचा चेहरा उजळला. हात पुढं करून त्यानं मला तिच्या डोक्यावरून उतरवलं, तारेच्या कडीवरून अंगठा फिरवला. मग त्यानं आत पाहिलं.

तांदूळ.

त्यानं आधी रस्त्याकडे पाहिलं, मग नदीकडे.

"तांदूळ कायले आणले यात?" तो ओरडला. "कोणासाठी आणले? कोणी इचारलं तं काय सांगशीन? काय सांगशीन तू?"

आणि त्यानं मला उपडं केलं. सगळे तांदूळ धुळीत गेले. कोंबड्या धावल्या. मला त्यानं तसंच पालथं दाबून धरलं, जणू आत अजून काहीतरी आहे आणि ते बाहेर येईल. पोड बघत होतं.

सलोनी खाली बसली आणि धुळीतून एकेक दाणा वेचायला लागली.

तेव्हापासून मी चावडीच्या कोपऱ्यात पालथा आहे. ढोल वर टांगलेले आहेत. कणगी फुटली, कोणी नवी केली नाही. आता प्रत्येक घर आपापल्या छोट्या गंजात आपापला भात शिजवतं आणि दार लावून जेवतं. वाटसरू आला तर आधी नाव विचारतात. गाव विचारतात. आधारकार्ड विचारतात. मागच्या महिन्यात सोनगुड्याचे सोयरे आले होते, लग्नासाठी मला मागायला. लेतूनं त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "गंज नाई देत." ते पाणी पिऊन परत गेले. आमच्या पोडातून कोणीतरी नुसतं पाणी पिऊन परत जाण्याची ती पहिली वेळ होती.

तर मित्रांनो, माझ्यासारखी भांडी आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला घासा, आम्हाला फेकू नका. मला तसलं काही नको. माझा पोचा राहू द्या, नंबरही राहू द्या. लेतू रोज येता-जाता मला एकदा बोटानं वाजवून बघतो, रिकामा आहे ना. आवाज पोकळ आला की त्याचा जीव शांत होतो. पण त्याला एक गोष्ट माहीत नाही. त्या संध्याकाळी सलोनीनं धुळीतून वेचलेले दाणे फुंकून स्वच्छ केले, माझी एक कड हळूच उचलली आणि मूठभर तांदूळ माझ्याखाली ठेवले. कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली.

ती मूठ अजून माझ्याखाली आहे. मुंग्यांना तिचा पत्ता लागलाय, त्या रोज थोडे थोडे दाणे नेतात. त्यांना मी नाव विचारत नाही.

पण ती संपायच्या आत, मित्रांनो, कोणीतरी मला मागायला या.